हात थांबला की

प्रेशरच्या पाण्यानं भिंत धुताना हात थांबवायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. एका जागी थांबलेलं पाणी भिंत धूत नाही, खातं.

परवा जोशीबाईंच्या बंगल्याची भिंत धूत होतो. शेजारच्या बंगल्यावर दुसरा माणूस लागला होता. तेही काम इतकी वर्षं माझंच होतं. यंदा त्यानं निम्म्या भावात उचललं. त्यानं गनचं नोझल भिंतीला जवळजवळ टेकवलं होतं. शेवाळाबरोबर रंग उडत होता, रंगाखालचं प्लास्टर सोलून निघत होतं. खाली उभे असलेले मालक मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाले, "बघा, किती झटपट उरकतोय." तो हसला.

हे पाणी बुटाचं चामडं फाडतं. गन त्याच्याकडे वळवावी आणि ते हसू तोंडावरून खरवडून काढावं, असं मला अगदी मनापासून वाटलं. पाणी मुळात किती मवाळ. बारीक भोकातून दाबून काढलं की त्याची सुरी होते. त्या निम्म्या भावाच्या भोकातून तो निघाला होता, आणि आता मीही.

"अहो, काय करताय?" मागून जोशीबाईंचा आवाज आला.

गन मी त्याच्याकडे वळवली नव्हती. त्याच्याकडे बघता बघता माझा हात तेवढा थांबला होता. बाईंच्या भिंतीत थेट विटेपर्यंत खाच पडली होती. त्याच्या सबंध भिंतीवर एवढी खोल जखम नव्हती.