बाप्तिस्म्याचा झगा

डिसेंबरातली थंडी, कोळशाच्या इस्त्रीची ऊब आणि ओलसर पांढऱ्या सुतावर चढणारा भाताच्या पेजेचा वास, एवढे एकत्र आले की आमच्या घरी नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू होई. नाताळात बाप्तिस्मा घेणाऱ्या बाळांसाठी नाशिकच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत लेस लावलेला एकच झगा होता, आणि तो धुऊन, खळ देऊन, वाळ्याच्या मुळ्यांत जपून ठेवण्याचे काम माझ्या पत्नीकडे, मार्थाकडे असे. वस्तीतली कितीतरी बाळे तो झगा घालून मिरवली. आमचे एकही नाही. लग्नाला वीसेक वर्षे होत आली होती. हा काळ येणाऱ्या बाळाची वाट पाहण्याचा, म्हणून त्या दिवसांत रोज पहाटे गुडघे टेकून मी देवाकडे मूल मागत असे, आणि शेवटी आम्ही दोघे आमेन म्हणत असू.

त्या वर्षी झग्याला इस्त्री होऊन गेल्यावर आमच्या पाळकसाहेबांच्या पत्नी, पाळकीणबाई, आल्या. बसल्या नाहीत. पदराशी चाळा करीत त्यांनी सांगितले की यंदाच्या बाळाच्या आजीला झगा दुसऱ्या कुणाच्या हातून धुऊन हवा आहे. नवसासायासाचा नातू, म्हातारीच्या मनात येतं काहीबाही. वांझ हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, पण तो त्यांच्या आधीच उंबऱ्यात येऊन उभा होता.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. गंगेवरचे मुहूर्त, सोवळे, शकुन-अपशकुन सोडून, सख्खी माणसे तोडून आमचे वाडवडील या वस्तीत आले, आणि येताना हे एक गाठोडे तेवढे जपून बरोबर आणले! मी तोंड उघडणार तोच मार्थाने झग्याची घडी त्यांच्या हातात ठेवली.

"पुन्हा धुवाल तर पेज आंबेमोहोराची घ्या बाई," ती म्हणाली, "आणि दाट. पातळ पडली की लेस मान टाकते."

दुसऱ्या पहाटे गुडघे टेकले, पण शब्द येईनात. राग मात्र आला. म्हातारीचा, पाळकीणबाईंचा, आणि त्यांच्यामागे गप्प बसलेल्या देवाचा. ज्याने हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही, आणि आपल्या मौनाचा अर्थ लोकांना हवा तसा लावू दिला. मग तो राग वळून माझ्याकडे आला. कारण माझी ती रोजची प्रार्थना काय होती? 'प्रभो, हिची कूस उघड.' हिची! म्हातारीने एकदा सुचवले तेच मी वर्षानुवर्षे मार्थाच्या शेजारी बसून मोठ्याने म्हणत आलो होतो, आणि त्यावर तिने आमेन म्हणावे असे गृहीत धरीत होतो.

नाताळच्या उपासनेला बाळाला घेऊन ती आजी आमच्या बाकाजवळून गेली. झगा पुन्हा धुतलेला होता. लेस मलूल लोंबत होती, तरीही वाळ्याचा ओल्या मातीसारखा वास मागे रेंगाळला.

"पेज पातळच केली," मार्था पुटपुटली.

मग पाळकसाहेबांनी, दरवर्षीप्रमाणे, ज्या भगिनींची कूस रिकामी आहे त्यांच्यासाठी प्रार्थना केली. सारी मंडळी आमेन म्हणाली. माझ्या तोंडून तो शब्द निघाला नाही. डोळे उघडून मी भीतभीत मार्थाकडे पाहिले. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. आज पहिल्यांदाच की इतकी वर्षे नेहमीच, ते मला सांगता येणार नाही. प्रार्थनेत मी कधी डोळे उघडलेच नव्हते.