विहीर नसलेलं राज्य

कोणी कशाचीही तारीफ केली की काका आधी चष्मा पुसायचे. मग म्हणायचे, "हौ, असेल. पण मी पाहिलं नाही ना अजून." लग्नातली बिर्याणी असो की शेजाऱ्याची नवी गाडी, स्वतः पाहिल्याशिवाय त्यांच्या तोंडून बरा शब्द निघत नसे. पाहिल्यावर तर बहुधा निघतच नसे. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आमच्या अंबरपेठेत हे होते, पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर.

त्यांची मुलगी माधापूरच्या एका कंपनीत व्हिडिओ गेमसाठी चित्रं काढायची. जमिनीखालच्या उजाड राज्यात एक कासव उड्या मारत वाटा शोधतं, असा तिचा गेम आला आणि एकदम गाजला. परदेशातूनही कौतुक झालं. आमच्या मराठी मंडळानं तिचा सत्कार ठरवला. काकांनीही चार शब्द बोलावेत, असं मी सुचवलं.

"बोलतो. पण आधी खेळतो," काका म्हणाले.

काही दिवसांनी मी डोकावलो, तर ते टीव्हीसमोर स्टुलावर घामाघूम.

"कासव उड्या मारतंय, ते माफ केलं. दारं इथं आणि किल्ल्या भलतीकडे, तेही माफ. पण एवढं मोठं राज्य, महाल, बाजार, आणि विहीर कुठंय? हे लोक प्यायचे काय?"

"काका, खेळ आहे तो."

"म्हणून तहान लागत नाही का?"

राक्षस अंगावर आला तरी ते त्याच्या मागे एखादा हौद दिसतो का बघत. कासव मरे. काका त्याला पुन्हा उठवून पाण्याच्या शोधाला लावत. शेवटपर्यंत खेळले.

सत्काराला शाल झाली, नारळ झाला. काका माइकसमोर आले. आम्ही टाळ्यांसाठी हात वर धरले होते.

"सगळे म्हणतात, फार भारी गेम आहे. मी पूर्ण खेळलो. माझी निराशा झाली. राज्यात पाण्याची सोय नाही."

अध्यक्षांनी घाईनं हार उचलला, पण कोणाला घालायचा ते त्यांना सुचेना. मुलीचा चेहरा उतरला. आता ही निघून जाणार, असं मला वाटलं. ती उठली आणि माइकपाशी गेली.

"बाबा, विहीर मी काढली होती. रहाट, पायऱ्या, सगळं. जागा नाही म्हणून कंपनीनं उडवली. फार रडले होते मी."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही पाहिल्याशिवाय ऐकता कुठं?"

"दाखव की मग!"

तिनं फोनवर चित्र उघडलं. दोघं मंचावरच डोक्याला डोकं लावून बघत राहिले. माइक चालूच होता.

"रहाट जरा उजवीकडे घे, बेटा. पाणी ओढणाऱ्या बाईचा खांदा अवघडेल."

"घेते, बाबा."

खाली उपमा गार होत गेला. कोणी उठलं नाही.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. शोकसभेत जो तो उठून सांगत होता, किती मृदू स्वभाव, कधी कोणाला दुखावलं नाही. शेवटी मुलगी उभी राहिली.

"बाबा फार खडूस होते," ती म्हणाली.

मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि बघता बघता सगळी सभा हसू लागली. तीही हसली. हसत हसतच खाली बसली आणि ओढणीत तोंड खुपसून रडू लागली.