कोयत्यावरचे चिंचोके

चिंचोके माझ्याच घरचे होते, हे आधी सांगून टाकते. मॅडमनी आदल्या दिवशी फोन करून मूठभर मागवले होते आणि मी डबा उपडा करून त्यातले चांगले गोल गोल निवडून नेले. काय खेळायला नेतेय ते तेव्हा ठाऊक असतं, तर किडके नेले असते.

सरकारी पैशातून चालणारा आमचा महिला गट. त्याने बायांच्या जगण्यात काय फरक पडला, ते तपासायला या मॅडम आल्या होत्या. गटाची अध्यक्ष मी. केज तालुक्यातल्या आमच्या त्या वस्तीवर सातवी शिकलेली बाई मी एकटी. गट मी उभा केला, इतिवृत्त मी लिहिलं. अंगठे उठवणाऱ्या बायांच्या हातात पेन मी धरवलं. तपासणीत ज्या बाईचं नाव पुढे येईल, तिला आजूबाजूच्या गावांत नवे गट शिकवायला पाठवणार होते. मला ते काम हवं होतं. हवं होतं म्हणजे किती, तर त्यासाठी मी युसूफ वडगावच्या बाजारातून खांद्याला लावायची पिशवी आणून ठेवली होती आणि अजून कुणाला दाखवली नव्हती.

माझी धाकटी जाऊ दर वर्षी दिवाळी झाली की नवऱ्यासोबत ऊसतोडीला जायची ती उन्हाळ्यात परतायची. गटाच्या निम्म्या बैठकांना तिची जागा रिकामी. सही तिला मीच शिकवली, तीही अजून डावीकडे कलते. पण बाया तिच्याभोवती गोळा व्हायच्या, आणि ते बघून माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू?

आदल्या उन्हाळ्यातल्या दुष्काळात वस्तीवर दोन दिवसांआड टँकर यायचा आणि पाईप सोडला की बायांवर एकमेकींच्या झिंज्या धरण्याची वेळ यायची. मग गटात ठराव झाला, घागरी रांगेत लावायच्या, बाळंतीण आणि म्हाताऱ्यांच्या घागरी पुढे. ठराव मी सुवाच्य अक्षरात लिहिला. उन्हात पाईप धरून उभी राहिली ती जाऊ. पाटलाच्या सुनेची घागर तिने उचलून मागे ठेवली तेव्हा मी सावलीत होते. वही भिजू नये म्हणून.

तर मॅडमनी समाजमंदिरात पुठ्ठ्याचे तुकडे वाटले. सगळ्यांना वाचता येत नाही, म्हणून नावाऐवजी प्रत्येकीने आपली खूण काढायची. मी पेन काढलं. जावेनं कोयता. म्हाताऱ्या सुईणीनं बाज काढली, ती टोपलीसारखी दिसत होती. पुठ्ठे जमिनीवर मांडून मॅडम म्हणाल्या, "अडीनडीला तुम्ही सगळ्यात आधी कुणाकडे जाता? तिच्या खुणेवर चिंचोका ठेवायचा."

पहिल्या फेरीत बायांनी सगळे चिंचोके सुईणीसमोर नेऊन ठेवले. हळदीकुंकवाला वयानं मोठ्या बाईपासून सुरुवात करतात, तसंच हेही असेल असं त्यांना वाटलं. मॅडम हसल्या. "मान द्यायचा नाही बायांनो, खरं सांगायचंय," म्हणून चिंचोके परत वाटले सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि स्वतःही पाठ फिरवून बसल्या. एकेकीनं उठून जायचं. मी अध्यक्ष, हातात हजेरीची यादी, म्हणून माझं तोंड तेवढं पुठ्ठ्यांकडे होतं. मला वाटलं, बरं झालं, दिसेल तरी.

दिसलं. पहिली बाई उठली, कोयत्यावर. दुसरी, कोयत्यावर. जिच्या पोरीच्या शाळेचा अर्ज मी भरून दिला होता ती उठली. आता तरी, म्हणून मी बघत राहिले, तर तीही कोयत्यावर. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता आणि वर मी नावापुढे खुणा करत बसले होते. जाऊ स्वतः उठली, तिने आपला चिंचोका सुईणीच्या बाजेवर ठेवला आणि चहा आणायला बाहेर गेली. पेन मोकळंच राहिलं.

शेवटी मी उरले. मॅडमचा फोन वाजला, त्या खिडकीशी गेल्या. मी वाकले आणि माझा चिंचोका माझ्याच पेनवर ठेवला. मान वर केली तर दारात चहाचं ताट घेऊन जाऊ उभी.

मॅडम परत आल्या, बाया वळल्या. मॅडमनी सहज विचारलं, "पेनवरचा एक कुणाचा?"

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.  मी हजेरीच्या यादीत डोकं घातलं.

"माझा हाय," जाऊ ताट खाली ठेवत म्हणाली. "बाईनं मला सही शिकवली. लई उपकार हायेत."

"आणि अध्यक्ष ताई, तुमचा?"

"कोयत्यावर," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मॅडमचा चेहरा फुलला. "पहिलं तुमचं दोघींचं पटायचं का हो?"

"न्हाई," जाऊ हसली. "आता आमी एका गटातल्या."

मॅडमनी ते लिहून घेतलं.

महिनाभराने त्यांचा अहवाल आला. काम अर्थातच जावेला मिळालं. अहवाल गटात वाचून दाखवायचा होता आणि वाचता येणारी मी. मी उभी राहून वाचत गेले, पाण्याच्या रांगेबद्दल, बायांच्या धिटाईबद्दल, आणि मग ते वाक्य आलं. दोन जावांनी एकमेकींची निवड केली, यावरून कार्यक्रमामुळे घराघरांतला हेवादावा संपल्याचे दिसून येते. मी ते मोठ्याने, एकही अक्षर न गाळता वाचलं. बायांनी टाळ्या वाजवल्या.

जावेनं वर बघितलं नाही. मला तिच्या नजरेला नजर द्यावी लागू नये, म्हणून ती मान खाली घालून चटईची काडी उसवत बसली होती. तिचा इतका हेवा मला त्याआधी कधी वाटला नव्हता.