पालथं भांडं, नग एक

बुऱ्हाणपुरात तापी आहे, पण वैशाखात तिच्यात म्हैस बसली तर पाठ कोरडी राहते. अशा गावानं देशाला एक फ्रिगेट, म्हणजे चांगली चारशे फुटी युद्धनौका आणून दिली, असं राजघाटाच्या वाटेवरच्या फलकावर लिहिलेलं आहे. फलकावर लोटू मोतीराम चौधरी पांढऱ्या गणवेशात उभा आहे आणि त्याच्या डोक्यावरून क्षेपणास्त्र चाललंय. क्षेपणास्त्र कुठल्या देशाचं, ते फलक छापणाऱ्यालाही माहीत नाही. लोटूच्या हातात मूळ फोटोत झारा होता, तो तेवढा कापून टाकला. देशाच्या संरक्षणात झारा शोभत नाही म्हणे.

लोटू बुऱ्हाणपुरातल्याच राजपुरा वस्तीतला. बाप मोतीराम कागद कारखान्याच्या कँटीनमध्ये रस्सा ढवळायचा, आणि आई मालूबाई लग्नाकार्यात खापरावरचे मांडे करायची. पुरण भरलेली कणीक दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठी करायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद सोडायची. हे काम बाईमाणसाचं. पण मालूबाईला मुलगी नव्हती, म्हणून लोटू शिकला. पुढं एकोणिसाव्या वर्षी तो नौदलात आचारी म्हणून लागला. गावानं मात्र त्याला परस्पर तोफेवर बसवलं. सुट्टीवर आला की पानटपरीवर विचारणार, "काय लोटूभाऊ, यंदा कितने उडाये?" लोटू म्हणायचा, "दोन क्विंटल कांदे." लोक हसायचे. गुपित सांगत नाही म्हणजे मोठाच माणूस, असं ठरून गेलं.

नोकरीच्या शेवटी शेवटी त्याला उत्तरेकडच्या एका गोठलेल्या देशात धाडलं. तिथं आपल्यासाठी जहाज बांधणं चाललं होतं. देशाचं नाव सांगायला बंदी आहे, म्हणून लोटू नुसतं 'तिकडं' म्हणतो. आंतरराष्ट्रीय संरक्षण सहकार्य काय असतं, ते त्याच्याकडूनच ऐकावं. जहाजाचा सांगाडा एका देशाचा, एंजिनं दुसऱ्या देशाची, आणि नेमके तेच दोघं एकमेकांच्या जिवावर उठलेले. मग एंजिनं आपण विकत घेतली आणि पहिल्याच्या दारात नेऊन ठेवली. "दोन भाऊ बोलत नसले त मधात मामाले उभं करतेत ना," लोटू सांगतो, "तसा आपला देश मामा."

आता असं जहाज ताब्यात घ्यायचा एक नियम असतो. प्रत्येक खात्याच्या माणसानं आपापली वस्तू चालवून बघायची आणि सही करायची. एक सही राहिली तरी जहाज हलत नाही. रडारवाल्यानं सही केली, तोफवाल्यानं केली, पाणबुड्या हुडकणाऱ्यानं तर एकही पाणबुडी न दिसता केली. राहिला भटारखाना.

करारात लिहिलं होतं, 'गोल चपट्या पोळीचं यंत्र, एक.' तिकडच्यांनी प्रामाणिकपणे दिलं. ते त्यांच्याकडचे घावन करायचं यंत्र होतं. वरून पातळ पीठ ओतायचं, खालून घावन निघायचं. लोटूनं त्यात आपली मळलेली कणीक घातली. यंत्रानं दम्याच्या म्हाताऱ्यासारखं दोनदा खोकून धूर सोडला आणि मान टाकली.

"मी सही नाही करत साहेब," लोटूनं ताबा समितीच्या कमोडोर साहेबांना सांगितलं.

"लोटू, अरे मंत्र्यांची तारीख ठरलीये. एका यंत्रासाठी जहाज अडवतोस?"

"दोनशे माणसं हायेत, तीन महिन्यांचा रस्ता हाये. तोफ एकदाही नाही उडवली त चालते साहेब. पोळी दिवसातून दोनदा लागते. मी अन् माह्ये तीन पोरं, दिवसाच्या दोन हजार पोळ्या हातानं लाटत बसू काय?"

साहेब भला माणूस. म्हणाले, "मग समितीला दाखव. नाही चाललं तर आपण लिहू, ते बदलून देतील."

लोटूचा बेत सोपा होता. समितीत पाच आपले आणि सहा तिकडचे. त्यांना यंत्रातून जे निघेल तेच वाढायचं, आणि खाऊन बघा म्हणायचं. एक घास आणि निकाल लागला असता.

ठरल्या दिवशी अकराही जण सकाळपासून गारठ्यात जहाजभर हिंडून, नाकं लाल करून जेवणवेळेला भटारखान्यात आले. कसंबसं पुन्हा चालू केलेल्या यंत्रातून आधी कोळसा निघाला, मग लगदा, मग काहीच नाही. अकरा माणसं हातात ताटल्या धरून उभी. लोटू जिंकला होता. तोंड मिटून उभं राहायचं, एवढंच काम उरलं होतं. पण तिकडच्यांतला एक म्हातारा इंजिनिअर ताटलीकडं बघत हळूच ओठ पुसू लागला. लोटूला मालूबाईचं बोलणं आठवलं, दारातला माणूस उपाशी गेला त चूल रुसते.

जहाजात उघड्या जाळाला बंदी, म्हणून पाच मिनिटांनी तो धक्क्यावर बर्फात होता. पत्रा तापवायचा गॅसचा बर्नर त्यानं वेल्डरकडून मागून आणला, त्यावर लोखंडी पातेलं पालथं घातलं. हरभऱ्याच्या डाळीचं पुरण जहाजावरच्या पोरांसाठी केलेलं तयारच होतं. मग लोटूचे हात जे फिरले! मांडा कोपरापर्यंत आला, पातेल्यावर बसला, फुगला. अकरा जणांनी सव्वीस मांडे खाल्ले. म्हाताऱ्या इंजिनिअरनं बोटं चाटून पातेल्याला सलाम ठोकला.

समितीनं तिथंच लिहिलं, 'भटारखाना समाधानकारक. पर्यायी हस्तपद्धती उपलब्ध.' स्वयंपाक जहाजाच्या बाहेर झाला, ही बारीक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. तोंडात घास असलेल्या साहेबांनी पेन पुढं केलं. आता कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? लोटूनं सही केली. मंत्री आले, बँड वाजला, झेंडा चढला.

मग तीन महिने, दिवसाला दोन हजार पोळ्या. जहाज मुंबईला लागलं तेव्हा लोटूचा उजवा खांदा खालीच राहिला, तो आजही वर होत नाही. दवाखान्यानं लिहिलं, 'वयोमानानुसार'. लोटू निवृत्त होऊन राजपुऱ्यात आला. गावानं शाल दिली. ती पांघरायला दुसऱ्याचा हात लागला.

इथं गोष्ट संपायची, पण सहकार्य कधी संपत नाही. त्याच नमुन्याचं दुसरं जहाज आता आपल्याच गोदीत बांधायला घेतलं. तंत्रज्ञान आलं म्हणजे सगळंच आलं. घावनाचं यंत्रही आलं, आणि यादीत त्याच्याखाली नवी ओळ आली, 'पालथं भांडं, नग एक.' फक्त अनुभवी माणसाची सही हवी होती. ती घ्यायला हर्षल नावाचा तरुण लेफ्टनंट, नाशिककडचा, एका सकाळी राजपुऱ्यात हजर झाला.

"काका, ही पद्धत यशस्वी झाली, एवढंच लिहायचंय. इथं सही."

लोटूनं कागद वाचला आणि आत आवाज दिला, "आई, साहेबाले निस्ता चहा दे. जेवाले घालू नको."

"काहून रे?" मालूबाई बाहेर आली. वय ऐंशीच्या वर, आवाज तिशीतला. "नाशिकहून पोरगं आलं अन् चहावर धाडतं का? मी खापर ठेवलं बी चुलीवर."

लोटूनं डोळे मिटले. पुरणाचा वास अंगणात आला होता. लेफ्टनंटानं हळूच ओठ पुसले, ते थेट त्या तिकडच्या म्हाताऱ्यासारखे. खेळ पुन्हा तसाच हातचा जाणार होता. लोटू उठला.

"साहेब, जेवा. पण पहिला मांडा तुमचा तुम्ही करा. हस्तपद्धती हाये ना? तुमचे त दोन्ही हात चालतेत."

"अरे, पाव्हण्याले कामाले लावतं?" मालूबाई ओरडली. पण मजा बघायला ती पाट ओढून बसली.

हर्षलनं बाह्या सारल्या. कणीक हातावर घेतली, तर ती मनगटातच लोंबली. "फिरव बापा, फिरव, कपडे नाही वाळू घालाचे," मालूबाई म्हणाली. दुसरी फाटली. तिसरी कोपरापर्यंत आली, खापराकडं निघाली आणि पुरणासकट चुलीत गेली. धूर डोळ्यांत गेला, बोट भाजलं.

"अशा दिवसाच्या दोन हजार, साहेब," लोटू म्हणाला. "हालत्या जहाजात."

लेफ्टनंटानं भाजलेलं बोट तोंडात धरलं. मग त्यानं डाव्या हातानं कागदावर 'यशस्वी' खोडलं आणि लिहिलं, 'पद्धत एका माणसापुरती. त्या माणसाचा खांदा गेला. यंत्र बदलावे.' लोटूनं ते दोनदा वाचलं. मग उजवा हात डाव्यानं उचलून कागदावर ठेवला आणि सही केली.

मालूबाईनं तोवर चार मांडे उतरवले होते. "आता त खाऊ देतं का त्याले?" तिनं विचारलं.

कागद दिल्लीला गेला आहे. तिथल्या समितीत अकरा माणसं आहेत म्हणे. त्यांना कुणी जेवायला घालू नये, एवढीच लोटूची इच्छा आहे.