सरळमामा शहर बघायला निघाले

पाहुण्यांना शहर दाखवत फिरवणाऱ्या दुमजली बसचे ते ड्रायव्हर. डेपोत सगळे त्यांना सरळमामा म्हणत, कारण एकदा स्टिअरिंगवर बसले की मान डावीकडे नाही, उजवीकडे नाही. नजर रस्त्यावर, नाहीतर आरशात. शिकाऊ असताना त्यांच्या उस्तादांनी बजावलं होतं, "समुद्र बघत बसशील तर गाडी समुद्रात घालशील!" शहर बेटावरचं. रस्ता कुठूनही काढा, शेवटी पाण्यापाशीच येतो. मामांनी ते वाक्य मनात कोरून ठेवलं आणि इमानेइतबारे पाळलं.

त्यामुळे झालं काय, की साऱ्या जगाला शहर दाखवणाऱ्या या माणसाने स्वतः ते पाहिलंच नव्हतं. दीपस्तंभ म्हणजे उतारावर दुसरा गिअर. जुना किल्ला म्हणजे झाडांच्या फांद्या खाली आल्यात ती जागा, तिथे वरच्या उघड्या मजल्यावरच्यांना डोकी वाकवायला सांगावं लागतं. बाकीचं सगळं ऐकीव. केबिनमागच्या स्पीकरमधून गाइडबाईंचा खणखणीत आवाज यायचा, "डाव्या हाताला बघा!" आणि मामा डावीकडच्या आरशात बघून मागून दुचाकी तर येत नाही ना, याची खात्री करायचे. थांब्यावर लोक उतरले की ते केबिनमध्ये बसून डबा खायचे, काच पुसायचे, आणि उशीर करणाऱ्यांसाठी कर्कश हॉर्न वाजवायचे. "एवढं काय असतं बघण्यासारखं?" असं पुटपुटायचे.

सार्वजनिक सुट्टीचा दिवस म्हणजे मामांचा सगळ्यात गर्दीचा दिवस. पण एका सुट्टीच्या नेमक्या आदल्याच दिवशी त्यांच्या गाडीचा गिअरबॉक्स बोंबलला. गाडी कारखान्यात गेली आणि साहेब म्हणाले, "मामा, उद्या घरी आराम करा."

मामा खुशीत घरी आले आणि मामींना म्हणाले, "उद्या मला उठवू नकोस. दुपारपर्यंत झोपणार आहे."

मामी इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी वाळवून घड्या घालायच्या. त्यांची नेमकी दुसऱ्या दिवशी रजा होती. त्या म्हणाल्या, "झोपायला सगळं म्हातारपण पडलंय. उद्या मला शहर दाखवायचं. लग्न ठरवताना काय म्हणाला होतात? बस आपलीच आहे, रोज फिरवीन. एक दिवस तरी फिरवलंत?"

"अगं, पण माझी गाडी तर..."

"तुमची नाही, दुसरी गाडी. तुम्ही माझ्या शेजारी बसायचं."

तेवढ्यात आतून मामांच्या सासूबाईंचा आवाज आला, "मी पण येणार!" सासूबाईंना एरवी हाक मारली तर ऐकू यायचं नाही, पण फिरण्याची गोष्ट कानात बरोबर शिरायची.

सकाळी तिघं थांब्यावर हजर. मामींनी नव्या चपला घातल्या होत्या, सासूबाईंनी भलीमोठी काळी छत्री घेतली होती. गाडी आली. ड्रायव्हर होता तो, ज्याला डेपोत तुफान म्हणत. मामांना रांगेत बघून तो थक्कच झाला. "मामा, तुम्ही? आणि वर बसणार?"

"तू समोर बघ," मामा म्हणाले.

इतक्या वर्षांत मामा बसच्या वरच्या मजल्यावर पहिल्यांदा चढत होते. पहिल्या रांगेत जागा मिळाली. वारा तोंडावर आपटत होता, नारळीच्या झावळ्या हाताला लागतील अशा जवळून जात होत्या, आणि मामांचं सगळं लक्ष पायाशी. वळण आलं की उजवा पाय जमिनीवर दाबायचा. "अरे, आधी गिअर! आता हॉर्न! हळू रे बाबा!" शेवटी मामींनी त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की मागचे प्रवासी हसले.

"वर बघा," मामी म्हणाल्या.

मामांनी वर पाहिलं. चौकात घोडेस्वाराचा पुतळा होता. गाइडबाई नेहमीचंच बोलत होत्या, "हा वीर समुद्राकडे तोंड करून उभा आहे, कारण बायको मागच्या गल्लीत राहते!" हा विनोद मामांनी हजारदा ऐकला होता आणि मनात एक अक्राळविक्राळ घोडाही उभा केला होता.

"एवढासा?" मामा ओरडले. "हे तर शिंगरू आहे! बसणाऱ्याचे पाय जमिनीला टेकतील!"

गाइडबाईंनी आवाज ओळखला आणि त्यांच्या हातून माइक पडता पडता राहिला.

मग मात्र मामांचा पाय आपोआप सैल झाला. किल्ल्याच्या भिंतीवर भेगांतून झाडं उगवलेली, मासळीबाजारात बर्फाच्या लाद्यांवर चमकणारे मासे, बागेत झाडाला उलटी लटकलेली वटवाघळं. मामा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मामींना शहर दाखवायला आलेला माणूस मामींनाच विचारत होता, "हे कधी बांधलं? ही गल्ली कुठे जाते?"

दीपस्तंभापाशी गाडी थांबली. "माझं आणि जिन्यांचं पटत नाही," असं म्हणून सासूबाई छत्री उघडून वरच बसून राहिल्या. मामा-मामी गोल जिना चढून माथ्यावर पोचले आणि कठड्याला धरून उभे राहिले.

खाली सगळं बेट पसरलं होतं. चारी बाजूंना पाणी, काठाला हिरवं, लांब गेलं की निळं. मामा म्हणाले, "मला वाटायचं शहर केवढं मोठं आहे. दिवसभर गाडी चालवली तरी संपत नाही. आणि हे बघ, तळहाताएवढं."

मामींनी बोट दाखवलं. "ती पांढरी रांग दिसतेय? इस्पितळाची गच्ची. त्या चादरी."

"तुझ्या?"

"नाहीतर कोणाच्या? तिथून मला रोज हा दीपस्तंभ दिसतो. आणि तुमची गाडी इथे थांबलेली दिसते. डबा खाल्ला असेल का, असा विचार येतो मनात."

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. खालून हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. मामा तंद्रीतच म्हणाले, "कोणीतरी उशीर करतंय वाटतं."

तिसऱ्या हॉर्ननंतर मामी खाली वाकल्या आणि किंचाळल्या, "अहो, ती आपलीच गाडी! निघाली!"

"निघाली?"

"आणि आई वर बसलीय!"

जिना दोघं कसे उतरले ते त्यांनाच ठाऊक. खाली आले तेव्हा काळी छत्री उताराच्या वळणावर दिसेनाशी होत होती. पुढचा थांबा खाडीपलीकडचं जुनं बंदर. रस्ता खाडीला वळसा घालून जायचा आणि सुट्टीच्या दिवशी तिथे मुंगीलाही वाट मिळायची नाही. होडीने मात्र बंदर समोरच. धक्क्यावर एक होडीवाली जाळं उलगडत बसली होती. मामींनी तिला घडलेलं सांगितलं. ती खो खो हसली आणि म्हणाली, "बसा लवकर. म्हातारीला गाठून देते."

होडी हलली तशी मामांनी फळीवर पाय रोवला.

"दादा, तिथे ब्रेक नाही हो!" होडीवाली म्हणाली.

मामी काळजीत होत्या. "आई घाबरली असेल."

"आई? मला गाइडबाईंची काळजी वाटतेय."

मध्यावर आल्यावर मामांनी मान वर केली आणि तिथेच थांबले. पाण्यावरून शहर पहिल्यांदाच समोर आलं होतं. टेकडीवर एकावर एक रचलेली घरं, गुलाबी, पिवळी, उन्हाने विटलेली. मध्येच नारळी. खाली लाटांचा पांढरा काठ. "बाप रे," मामा हळूच म्हणाले. "ती मागची माणसं 'आहा, आहा' करायची तेव्हा मला वाटायचं, उगाच कौतुक करतायत. खरंच की गं. तू मला कधी सांगितलं नाहीस?"

"सांगत होते. तुम्हाला रात्री जेवतानासुद्धा रस्ता दिसायचा."

मामा हसायला लागले आणि मग दोघंही हसत राहिले. होडीवालीसुद्धा वल्हं थांबवून हसली.

बंदरावर ते गाडीच्या आधी पोचले. थोड्या वेळाने ती हळूहळू गर्दीतून आली, आणि स्पीकरमधून जो आवाज येत होता तो गाइडबाईंचा नव्हता. वरच्या मजल्यावर एका हातात छत्री, दुसऱ्या हातात माइक घेऊन सासूबाई बसल्या होत्या.

"आता सगळ्यांनी उजव्या हाताला बघा! ही माझी लेक आणि हे माझे जावई. बांधकाम जुनं आहे, पण अजून ढासळलेलं नाही!"

गाडीभर टाळ्या वाजल्या. काहींनी फोटो काढले. गाइडबाई खाली उतरून पाणी पीत म्हणाल्या, "मामा, माझा घसा बसला होता म्हणून यांना एक वाक्य बोलू दिलं. मग माइक परत मिळालाच नाही." तुफान कान धरून उभा होता. "मामा, मला वाटलं तुम्ही वर बसलात. आणि उशीर करणाऱ्यांना सोडून जायचं हे तुम्हीच..."

"बरोबर केलंस," मामा म्हणाले. "एकदम बरोबर केलंस."

परतीला गाडीतून उतरल्यावर घर गल्लीच्या टोकाला. मामींच्या नव्या चपला दिवसभरात इतक्या चावल्या होत्या की त्यांनी त्या काढूनच टाकल्या. मामांनी त्या उचलल्या आणि हातात घेऊन चालू लागले. कोपऱ्यावरचा पानवाला ओरडला, "काय मामा, चपलांचा धंदा सुरू केला काय?"

"हो. पण गिऱ्हाईक एकच आहे, आणि तेही फार तक्रारी करतं!"

मामी अनवाणी हसत पुढे चालत होत्या. सासूबाई छत्री टेकत मागून येत होत्या आणि जो भेटेल त्याला सांगत होत्या की पुढच्या सुट्टीला आपण होडीने जाणार आहोत. होडीवालीशी आपलं बोलणं झालंय, म्हणे. कधी झालं, ते काही त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.