वाळवणावरची सावली

होळीनंतरच्या बुधवारी माझा नवरा चहा पिऊन उठला, चपला घालायला वाकला आणि पडला. दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता.

तो अमरावतीत वेबसाइट बनवायचा. आमच्या घरातलीच एक खोली त्याचं दुकान होती. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. संध्याकाळी घरी आले की तो मला खुर्चीत बसवायचा, लॅपटॉप समोर उघडायचा आणि मी एक श्वास घेईपर्यंत मिटून टाकायचा.

"काय दिसलं?"

"'उत्कृष्ठ' चुकलंय. ष ला ठ नाही, ट हवा."

"तुले अक्षरंच दिसतात," असं म्हणून तो हसायचा. अनोळखी माणूस एवढाच वेळ देतो, असं त्याचं म्हणणं. त्या श्वासभरात जे दिसेल तेच त्याच्याबरोबर जाणार, बाकीचं सगळं त्यानंतर. म्हणून पानाच्या वरच्या भागात तो एकच गोष्ट ठेवायचा आणि तिच्याभोवती भरपूर मोकळी जागा सोडायचा. गिऱ्हाइकांना ती जागा वाया गेल्यासारखी वाटायची. तिथे देव, वडिलांचा हार घातलेला फोटो, उद्घाटनाला आलेले पाहुणे, सगळंच त्यांना हवं असायचं. तो वाद घालत नसे. लॅपटॉप उघडायचा, मिटायचा आणि विचारायचा.

त्याचं शेवटचं काम अकोल्याचं होतं. तिथे दहा बायका मिळून सरगुंडे करतात. कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळायची, काडी ओढून घ्यायची आणि राहिलेला पोकळ वेढा उन्हात वाळवायचा. उन्हाळ्यात आंब्याच्या रसाबरोबर ते खातात. आंबा सुरू होतो तेव्हा, अक्षय्य तृतीयेच्या आत, त्यांना पान चालू हवं होतं. वर्षाची बहुतेक मागणी त्याच दिवसांतली. पान जवळजवळ तयार होतं. फक्त वरची मोठी जागा करडी होती, तिथे फोटो यायचा होता.

तेवढं मला जमण्यासारखं होतं. मी त्याचा मोबाइल उघडला.

जाण्याच्या चार दिवस आधी तो अकोल्याला जाऊन आला होता. फोटो काढायचे म्हणून बायका लग्नातले शालू नेसून आल्या होत्या. आपल्याकडे फोटो म्हटला की असंच होतं. दोन ओळींत उभ्या, पदर सारखे केलेले, जणू मधे नवरा-नवरी यायची आहे. सरगुंडे कुठेतरी मागे, स्टीलच्या ताटात. असे वीस फोटो होते. एकविसावा, शेवटचा, त्याने बायका साड्या बदलायला गेल्यावर काढला असावा. बाजेवर पांढरं धोतर अंथरलेलं, त्यावर सरगुंडे, आणि एका म्हाताऱ्या बाईचे पीठ लागलेले दोन हात. ऊन इतकं की कापडाला कडाच राहिल्या नव्हत्या. खालच्या कोपऱ्यात त्याची सावली पडली होती. डोकं, एक खांदा, मोबाइल धरलेल्या हाताचा कोपर.

मी तो फोटो त्या करड्या जागेत बसवला. सावलीसकट. तिच्यामुळे चित्राला तोल येतो, असं मी स्वतःला सांगितलं. दोन दिवस मी ते पान उघडून बसत होते. मिटत नव्हते.

नंतर बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला गेले. खिडकीबाहेर नांगरलेली काळी रानं होती आणि त्यांच्यावर पाण्यासारखी हवा हलत होती. मूर्तिजापूर कधी गेलं ते कळलं नाही. मला वाटत होतं की गाडी त्या फोटोतल्या दुपारीच जाऊन थांबेल, आणि तो अजून अंगणात उभा असेल.

अंगणात बायका होत्या. मी लॅपटॉप उघडला आणि मिटला. विचारताना आवाज माझा वाटेना.

"काय दिसलं?"

"हात दिसले, मावशीचे," एक म्हणाली. "शालू म्या नेसला, अन् फोटोत मावशी!"

"तुहा शालू पाहून कोनी सरगुंडे घेईन का? शालूच मागन!" दुसरीने तिला गप्प केलं. सगळ्या हसल्या.

"मले सावली दिसली," तिसरी म्हणाली. "कोनाची हाये वं ते?"

"मले बी सावलीच दिसली पयले," आणखी एक म्हणाली.

फोटोतले हात जिचे होते ती मावशी त्या सगळ्यांची मुख्य होती. तिने मला पुन्हा उघडायला सांगितलं. बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "भाऊ हायेत."

बाकीच्या पुढे सरकून पाहू लागल्या.

"त्या दिवशी बी म्या त्याइले म्हटलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, भाऊ, वाळवनावर सावली पडून राहिली, जरा बाजूले व्हा. हासले अन् झाले बाजूले." तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुमाले ठेवाची असन तं ठेवा, वहिनी. आमी काई म्हनत नाई."

तो स्वतःच बाजूला झाला होता हे तिने सांगितलं नसतं तर मी कदाचित सावली ठेवली असती. पण पाहणाऱ्याला आधी सावली दिसत होती आणि मग सरगुंडे. त्याच्या हिशेबाने ते पान फसलं होतं. मी तिथेच, बाजेच्या कडेला बसून, फोटो खालून कापायला घेतला. आधी कोपर गेला, मग खांदा. डोक्यापाशी मी थांबले. मावशी शेजारी काडीवर वळी गुंडाळत होती आणि मुद्दाम माझ्याकडे पाहत नव्हती. मग मी उरलेलंही कापलं.

पुन्हा उघडलं, मिटलं.

"सरगुंडे," सगळ्या एकदम म्हणाल्या.

अक्षय्य तृतीयेच्या आधी पान चालू झालं. त्या मोसमात नागपूरहून मागणी आली, पुण्याहूनही आली. मूळ फोटो त्याच्या मोबाइलमध्ये आहे. पान आता मी सांभाळते.