आसनक्षमता एक

गणपती विसर्जनानंतरचा पहिला रविवार, सकाळी साडेसात, बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा नाका: वाहतूक हवालदार. त्याच आठवड्यातला गुरुवार: परिवहन कार्यालयातील चार नंबरच्या खिडकीवरचा कारकून. दसऱ्याचा दुसरा दिवस: त्याच कार्यालयातील मोटार वाहन निरीक्षक. दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरचा सोमवार आणि त्यापुढचे दोन महिने: माझ्या चार पत्रांपैकी एकाचीही दखल न घेणारे त्या कार्यालयाचे प्रमुख. जबाबदार व्यक्तींची ही यादी डिसेंबरअखेर माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर याच क्रमाने होती. जानेवारीत तिच्यात पाचवा इसम जोडावा लागला. त्याच्याविषयी योग्य ठिकाणी लिहीन.

आमची मोटारसायकल पावणेदोनशे सीसीची, दोन स्ट्रोकची आणि आमच्या लग्नानंतर दोन वर्षांनी घेतलेली आहे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालावे लागते, सुरू करायला किक मारावी लागते आणि धूर निळसर येतो. नोकरीत असताना मी तिच्यावरून बेलवलीहून अंबरनाथच्या कारखान्यात जात असे. पण तिचे खरे काम हिवाळ्यातले. पौष पौर्णिमेच्या सुमारास आम्ही दोघे तिच्यावर तंबू, सतरंज्या, रॉकेलचा स्टोव्ह, दोन पातेली आणि पाण्याचा कॅन लादून दोन-तीन मुक्कामांसाठी निघतो. पहिला मुक्काम आम्ही पालेगावच्या एका मोकळ्या शेतात केला होता; तंबू उभा करता येतो की नाही, एवढेच पाहायचे होते. त्या शेतावर आता वीस मजली इमारत आहे. आम्ही तिथून जातो तेव्हा पत्नी दरवेळी बोट वर करून म्हणते, "आपला तंबू साधारण लिफ्टच्या जागी होता."

सामान लादण्याची पद्धत तिची आहे आणि तिच्यात मला मत देण्याचा अधिकार नाही. जड वस्तू खाली, चाकाच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत. तंबू मागच्या कॅरियरवर आडवा. सतरंज्या तंबूपुढे उभ्या बांधायच्या, म्हणजे तिला पाठ टेकता येते. स्टोव्ह कधीही कपड्यांसोबत नाही. या पिशव्या आम्ही उल्हासनगरात शिवून घेतल्या. जीन्स शिवणाऱ्या एका सिंधी कारागिराकडे मी मापे कागदावर आखून नेली होती. त्याने कागद उलटासुलटा पाहिला.

"साईं, ये किसका पँट है? एक पाय मोठा, एक पाय छोटा."

"गाडीचं आहे. एका बाजूला सायलेन्सर येतो."

"अच्छा. मतलब लंगडी गाडी." मग त्याने पत्नीकडे पाहिले. "भाभी, आप बैठती हो इसपे? डबल सिलाई मारतो मग. गाडी फाटेगी, ये नहीं फाटेगा."

त्या पिशव्यांना आता वीस वर्षे होतील. त्याचे म्हणणे अद्याप खोटे ठरलेले नाही.

विसर्जनानंतरच्या त्या रविवारी आम्ही मुक्कामाला नव्हे, नुसते सरावाला निघालो होतो. पत्नीचे दोन्ही गुडघे झिजले आहेत. डॉक्टरांनी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात शस्त्रक्रिया ठरवली आणि त्यानंतर मोटारसायकलवर मागे बसणे कायमचे बंद, असे स्पष्ट सांगितले. म्हणून हा हिवाळा शेवटचा होता, आणि पूर्ण सामानासह तिला किती वेळ बसवते हे आम्हाला आधी पाहायचे होते. नाक्यावर हवालदाराने गाडी थांबवली, ती केवळ कौतुकाने. मी न मागताच कागद पुढे केले. त्याने कार्डावरचा क्रमांक मोबाइलमध्ये घातला आणि तो हसला.

"काका, इथं सीटिंग एक दाखवतंय. मावशी कुठं बसल्यात मग?"

मी कार्ड हातात घेऊन पाहिले. नोंदणीचे जुने पुस्तक बदलून हे कार्ड घेतले त्याला सहा वर्षे झाली होती. त्यावरचे नाव, इंजिन क्रमांक, चासी क्रमांक मी घेतानाच तपासले होते. आसनक्षमता तपासली नव्हती. तिथे एक असे छापलेले होते.

"जाऊ द्या काका. मी कुठं काय लिहितोय?"

"तुम्ही लिहीत नसाल. लिहिलेले आहे."

उद्या अपघात झाला, तर विमा कंपनी सर्वांत आधी हेच कार्ड मागेल आणि मागे बसलेली बाई कायद्याच्या दृष्टीने तिथे नव्हतीच, असे म्हणेल. मी पत्नीला उतरायला सांगितले. हवालदाराला वाटले मी चिडलो. मी चिडलोच होतो, पण तिच्यावर नव्हे. तिने रिक्षा थांबवली, आणि पुढे गाडीचा तोल जाईल म्हणून तंबूच्या काठ्या सोडवून स्वतःच्या मांडीवर घेतल्या. बेलवलीपर्यंत मी रिक्षाच्या मागे होतो. रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी काठ्यांची टोके बाहेर आली होती.

खिडकीवरच्या कारकुनाशी झालेले संभाषण मी त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवले.

"सिस्टीममध्ये एक आहे म्हणजे एक, काका."

"मग माझी पत्नी इतकी वर्षे कशावर बसली?"

"ते सिस्टीममध्ये नाही ना."

निरीक्षकांनी गाडी प्रत्यक्ष पाहिली. लांब सीट पाहिली, मागच्या पायटेकण्या पाहिल्या, उल्हासनगरच्या पिशव्यांवरून हात फिरवला. म्हणाले, "दोन सीटची आहे, दिसतंय मला. पण मूळ नोंद कशी झाली ते कळल्याशिवाय मी बदलू शकत नाही. साहेबांना लिहा." मी लिहिले. एका महिन्यात दोन, दुसऱ्यात दोन, अशी चार पत्रे, प्रत्येकाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेऊन. तिघांवरचे आरोप त्यांत होतेच, आणि खिडक्यांसमोरच्या बाकांवर बसलेल्यांनाही मी ते ऐकवले.

शिक्का घेण्याची ही सवय वडिलांची. ते अंबरनाथला आगपेट्यांच्या कारखान्यात कामगार होते. छप्पन साली त्यांनी धम्म स्वीकारला तेव्हा त्यांना अक्षरओळख बेताची होती. ती त्यांनी त्यानंतर रात्रशाळेत वाढवली, आणि वाढवली ती मुख्यतः अर्ज लिहिण्यासाठी. वस्तीचा नळ, माझा शाळाप्रवेश, बहिणीची शिष्यवृत्ती, हे सर्व त्यांनी अर्ज करून मिळवले. दुसरी प्रत आणि तिच्यावर शिक्का, एवढे झाल्याशिवाय ते कचेरीतून घरी येत नसत. त्यांचा आणखी एक दंडक होता. लेखी केलेली चूक लेखीच मागे घ्यायची, आणि जिथे केली तिथेच.

चौथ्या पत्रासोबत मी माहितीच्या अधिकाराखाली एक स्वतंत्र अर्ज केला. कार्ड बनवताना वापरलेल्या मूळ कागदांच्या प्रती मागितल्या. नोंद कुणी, कोणत्या तारखेला चुकवली हे मला त्या माणसाच्या सहीसह हवे होते. त्या वेळी माझ्या मनात त्याची शिक्षासुद्धा ठरलेली होती, हे कबूल करतो. तो माणूस सेवेत असेल तर त्याची खातेनिहाय चौकशी, आणि निवृत्त झाला असेल तर एक जाहीर पत्र.

पौष पौर्णिमा आली. कार्ड तसेच होते. मी पत्नीला म्हटले, "यंदा राहू दे." ती पिशव्यांना ऊन दाखवत होती.

"तुमच्या कायद्यात गाडीवर एक माणूस आणि सामान चालतं ना?"

"चालते."

"मग तुम्ही सामान घेऊन पुढे व्हा. मी एसटीनं येते. एसटीत माझी सीट मोजलेली असते."

आमची जागा धरणापलीकडच्या एका गावात आहे, एका शेतकरी कुटुंबाच्या खळ्यावर. तिथे आम्ही कित्येक वर्षे तंबू ठोकतो. त्या दिवशी मी गाडी घेऊन एकटा निघालो. पाठीमागे वजन होते, पण ते बोलत नव्हते. एरवी वळण आले की ती माझ्या खांद्यावर बोट टेकवते; डावीकडे खड्डा असेल तर डाव्या, उजवीकडे असेल तर उजव्या. गाडीचा आवाज इतका असतो की आमची ही भाषा तिथेच तयार झाली. त्या सकाळी मी तीन खड्ड्यांत गेलो. गावाच्या थांब्यावर पोहोचलो आणि एसटीची वाट पाहत सव्वा तास उभा राहिलो.

ती उतरली. गुडघ्यांमुळे तिला पायरी उतरायला वेळ लागला. वाहकाने हात दिला. खळ्यावर पोहोचलो तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या मालकीणबाई दारातच बसल्या होत्या. त्यांनी आधी गाडीकडे पाहिले, मग मागून चालत येणाऱ्या पत्नीकडे.

"यंदा येगयेगली आलाव? भांडलाव काय?"

"नाही हो मावशी," पत्नी म्हणाली. "सरकारनं आमचं वेगळं केलंय."

"या वयात?" म्हातारीने मला आपादमस्तक न्याहाळले आणि ती पत्नीला म्हणाली, "तुलाच ठेवाला नको व्हता त्याला इतके वरीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी चांगली होती. पत्नीने स्टोव्ह पेटवला, चहा केला, माझा कप हातात दिला आणि मग पिठाच्या डब्यातून एक लिफाफा काढला. परिवहन कार्यालयाचा होता, फोडलेला.

"निघायच्या आदल्या दिवशी आला. तुम्ही बाजारात गेला होतात."

"मग दिला का नाहीस?"

"घरी वाचला असता तर तुम्ही आला नसतात. चहा घ्या, मग वाचा."

मी चहा घेतला नाही. प्रती काढल्या. पहिली जुन्या पुस्तकाची होती, तिच्यात आसने दोन. दुसरी सहा वर्षांपूर्वीच्या अर्जाची. काळ्या शाईत, शिरोरेषा पूर्ण काढलेल्या, प्रत्येक रकाना भरलेला, एकही खाडाखोड नाही. आसनक्षमतेच्या चौकटीत एक. खाली सही. अक्षर माझे होते आणि सहीही माझी होती.

मी कारखान्याच्या वाहन विभागात तीस वर्षे काम केले. कामगारांच्या बसगाड्यांची नोंदवही माझ्याकडे असे, आणि आमच्या विभागात आसने नेहमी चालक वगळून मोजत. चालक हा गाडीसोबतच धरलेला. आसन म्हणजे ज्याला न्यायचे त्याचे. छापील अर्जावर वगळून की धरून, असे काही लिहिलेले नव्हते, आणि विचारावे असे मला वाटलेही नाही. मी इतकी वर्षे मोजत आलो तसे मोजले. कारकुनाने मी लिहिले होते तेच यंत्रात चढवले. पाचवा इसम मी आहे.

तिने कागद माझ्या हातून घेतला आणि चौकटीवर बोट ठेवले.

"म्हणजे ही एक, ती मी."

"हो."

"सहा वर्षं सरकारदरबारी गाडीवर मी एकटीच बसलेय." तिने कागदाची नीट घडी केली. "आणि तुम्ही मलाच खाली उतरवलंत. थंड झाला तो, ओता. दुसरा करते."

दुसरा चहा मी प्यायलो. ती भाकरीच्या चुलीसाठी काटक्या आणायला उठली, तर मी तिला बसायला सांगितले आणि स्वतः गेलो. परतीच्या दिवशी तिला पुन्हा एसटीतच बसवले. चूक माझी निघाली म्हणून कार्ड बदललेले नव्हते.

बेलवलीला पोहोचल्यावर त्याच संध्याकाळी मी पाचवे पत्र लिहिले. त्यात कारकून, हवालदार आणि निरीक्षक यांच्यावरील आरोप नावनिशीवार मागे घेतले, चूक माझी असल्याचे नमूद केले, आणि दुरुस्तीचा विहित अर्ज जुन्या पुस्तकाच्या प्रतीसह जोडला. कारकुनाला प्रत्यक्ष भेटून क्षमाही मागितली. तो गोंधळला. म्हणाला, "काका, कोणी असं येत नाही." मग माझ्या फाइलचा दोरा सोडून त्याने अर्ज सर्वांत वर ठेवला.

हे सर्व मी इथे, सर्वांसमक्ष लिहितो आहे, कारण आरोपही मी चारचौघांत केले होते. पण यादीतले चौथे नाव मी खोडलेले नाही. माझ्या पहिल्या पत्रात मूळ अर्ज पाहावा अशी विनंती होती. ती फाइल कुणी पहिल्याच महिन्यात उघडली असती, तर त्याला माझे अक्षर दिसले असते, त्याने मला बोलावून माझी चूक माझ्यासमोर ठेवली असती, आणि पौष पौर्णिमेला माझ्या खांद्यावर बोट टेकवायला ती मागे असती. चूक माझी होती. ती मला न सांगण्याचा दोष माझा नव्हता.

आज फेब्रुवारी संपत आला आहे. अर्ज अजून त्याच कार्यालयात, साहेबांच्या सहीसाठी थांबला आहे. पिशव्या भरलेल्या आहेत, जड वस्तू खाली, तंबू आडवा. रोज संध्याकाळी पत्नी पायरीवर बसून गुडघे दुमडून पाहते आणि किती वेळ जमले ते मला सांगते. शस्त्रक्रियेला तीन आठवडे उरले आहेत.

मी माझे उत्तर जाहीरपणे दिले आहे. आता कार्यालयप्रमुखांनी पुढच्या नागरिक भेटीच्या दिवशी, खिडक्यांसमोरच्या बाकांवर बसलेल्या सर्वांच्या देखत, उभे राहून उत्तर द्यावे: माझी चार पत्रे कुणी उघडली, कोणत्या दिवशी उघडली, आणि एकाचे दोन करण्यासाठी लागणारी ती एक सही, माझ्या पत्नीला गाडीवर बसता येते आहे तोवर, ते करणार आहेत की नाही.